टाच भरेपर्यंत

माझ्या उजव्या टाचेवर मांडीची कातडी लावलेली होती. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी माझ्या तोंडाकडं बघायचा, मग पायाकडं, आणि मग बाईमाणसाच्या मांडीकडं नजर जाऊ नये म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मला त्याची गंमत वाटायची. त्या टाचेनं मला दिलेली गंमत एवढीच.

मी सात वर्षांची होते. आम्ही तेव्हा शेंद्र्याजवळच्या एका खेड्यात राहायचो. तिथं आता कारखान्यांची कुंपणं आहेत, तेव्हा ज्वारी होती. माझे वडील, म्हणजे आबा, मला सायकलच्या कॅरियरवर बसवून आत्याच्या गावाला जेवायला निघाले होते. सरळ रस्ता, ऊन, सायकलची एकसारखी कुरकुर. मला डुलकी लागली आणि पाय मागच्या चाकात गेला. आबांना वाटलं, चाकात काटकी अडकली. म्हणून त्यांनी जोर लावून आणखी एकदा पायडल मारलं. टाचेची कातडी त्या पायडलनं गेली. नुसता पाय अडकला असता तर निभावलं असतं, असं दवाखान्यात कुणीतरी त्यांच्यासमोर बोलून गेलं. बोलणारा विसरला असेल. आबांच्या मनातून ते पुढं कधीच गेलं नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात माझ्या मांडीची कातडी काढून टाचेला लावली. दोन-तीन महिन्यांत सगळं भरून येईल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आबा गावी परतले आणि घरी न जाता आधी पारावरच्या मारुतीपुढं जाऊन उभे राहिले. आमच्याकडं नवस बोलताना माणूस स्वतःचं काहीतरी सोडतो. कुणी गोड सोडतं, कुणी भात सोडतं, कुणी गादी सोडून चटईवर झोपतं. आबांनी वहाणा सोडल्या. पोरीची टाच भरेपर्यंत पायात काही घालणार नाही, असं ते मारुतीला बोलले, पायातल्या चपला तिथंच पाराखाली ठेवल्या आणि अनवाणी घरी आले. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न होता. नवस तसा स्वस्तातला होता.

आणि टाच भरलीही. आबांनी नारळ फोडला, गावात पेढे वाटले, बाजारातून करकरीत कोल्हापुरी आणली आणि मिरवत घातली. मी शाळेत जाऊ लागले. थोड्याच दिवसांत टाचेला मधोमध चीर गेली, त्यातून पाणी यायला लागलं आणि बघता बघता रुपयाएवढी जखम उघडी पडली.

त्यात देवाचा काही संबंध नव्हता. मांडीच्या कातडीला बिचारीला उभं राहायची सवय नसते. ती पातळ असते, तिच्याखाली मांस नसतं, आणि तिला काही कळतही नाही. खडा टोचला, चटका बसला तरी टाच मुकाट. अंगाचं वजन पडलं की ती फाटायची, मी झोपून राहिले की भरायची, चालायला लागले की पुन्हा फाटायची. हे मला मोठेपणी डॉक्टरांनी समजावलं. आबांना मात्र त्याच दिवशी समजलं होतं. त्यांच्या मते आपण चपला घालायची घाई केली, म्हणून टाच उघडली. त्यांनी कोल्हापुरी विहिरीत टाकली आणि पुन्हा मारुतीपुढं जाऊन उभे राहिले. या वेळी नवस पक्का केला. टाच भरून एक पूर्ण वर्ष टिकली, तरच पायात वहाण.

ते वर्ष कधी आलंच नाही. कधी टाच पावसाळाभर टिकायची, कधी नुसती दिवाळीपुरती. एकदा तर अकरावा महिना लागला होता. आबा बाजारात चपलांच्या दुकानासमोर रेंगाळताना आईला दिसले होते. त्याच आठवड्यात माझा मोजा ओला झाला.

वाळूजच्या एका कारखान्यात आबांना काम लागलं, तेव्हा आम्ही गाव सोडून शहरात, मुकुंदवाडीत राहायला आलो. मशीनवर उभं राहायचं तर पायात जाड बूट घालणं सक्तीचं. आबा म्हणाले, मला जमणार नाही. साहेबानं समजावलं, मग रागावला, मग हात टेकले आणि आबांना कारखान्याच्या आवारातल्या बागेवर टाकलं. बरोबरीची माणसं मशीनवरून वर चढत गेली. आबा गुलमोहराखालचा पालापाचोळा गोळा करत राहिले, चिखलात उभं राहून झाडांना पाणी देत राहिले आणि तिथूनच रिटायर झाले. आई म्हणायची, "एक लंगडी अन् एक अनवाणी. म्या कोनाकोनाला सांभाळू?" आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

टाचेची मलमपट्टी आबाच करायचे. मी सात वर्षांची असल्यापासून, रोज सकाळी, अंघोळीनंतर. मी खाटेवर बसायचे, ते खाली पाटावर बसून माझा पाय मांडीवर घ्यायचे. आपला पाय मोठ्या माणसाला लागला की आपण चटकन वाकून नमस्कार करतो. माझा तर रोजच लागायचा, आणि नुसता लागायचा नाही, त्यांच्या मांडीवर पसरलेला असायचा. म्हणून पट्टी झाली की मी रोज त्यांच्या पाया पडायचे. आणि पाया पडताना रोज त्यांचे पाय दिसायचे. भेगा पडलेले, कडेनं काळे पडलेले, नखं वाकडी झालेली. माझ्या वयाच्या मुली आईवडिलांच्या पाया पडताना काय विचार करत असतील कोण जाणे. माझ्या डोक्यात एकच यायचं, की हे माझ्यामुळं. ते पाय मला बघवत नव्हते आणि चुकवताही येत नव्हते.

पथ्याचाही जाच होता. भातानं पू होतो, वांग्यानं खाज सुटते, अंड्यानं उष्णता वाढते, डाळीनं वात होतो. एवढं वगळल्यावर ताटात भाकरी आणि दोडका उरायचा. आबाही माझ्यासोबत तेच खायचे. पुढं एका डॉक्टरांनी माझे डोळे, नखं बघून विचारलं, "घरी खायला मिळत नाही का?" मिळत होतं. फक्त प्रेमानं वगळलं जात होतं.

मी शिकले, बसून करायचं काम शोधलं. एका छापखान्यात संगणकावर लग्नपत्रिका जुळवते. आमच्या येथे श्रीकृपेकरून, असं मी किती वेळा टाइप केलं असेल याची गणती नाही. स्वतःच्या बाबतीत ती वेळ आली नाही. दोन ठिकाणची माणसं बघायला आली होती. दोन्ही वेळा त्यांनी मला चालून दाखवायला सांगितलं, आणि दोन्ही वेळा चहा पिऊन गेली. तिसऱ्यांदा मीच नको म्हणाले. वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

चाळिशी ओलांडल्यावर टाच भरायचं नावच घेईना. शहरात पायांच्या जखमांसाठी वेगळा दवाखाना निघाला होता, तिथं मी जाऊ लागले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, कमी बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत आबा त्यांना अभिमानानं म्हणाले, "खपली धरलीया, बघा." बाईंनी चिमटा आणि पातं घेऊन ती खपली सगळी खरवडून काढली. खाली जखम तशीच होती, उलट खोल. आबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांची भिंत पाडली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आपण येवढं सुकवावं अन् यांनी वलं करावं." तरी पुढच्या वेळी ते सोबत आलेच.

मग प्लास्टर झालं. टाचेवर भार पडू नये म्हणून पायाला घट्ट साचा बसवला. उन्हाळ्यात पाय आत शिजायचा. मी सगळं केलं. अंडी खाल्ली, डाळ खाल्ली, पडून राहिले. टाच थोडी भरली, आणि प्लास्टर काढल्यावर पुन्हा गेली. त्या दिवशी मला मनापासून कळलं, की ही बरी होणार नाही. रडू आलं नाही. आपण उगाच इतकी वर्षं घालवली, एवढंच वाटत राहिलं.

एके सकाळी मी उठले, तर मोरीपासून खाटेपर्यंत फरशीवर रक्ताचे डाग. आबांनी ते बघितले आणि म्हणाले, "बस माय, बस लवकर. फुटली वाटतं." मी बसले. त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, घाईघाईनं पट्टी सोडली. पट्टी कोरडी होती. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, उजेडात धरून पाहिली. जखमेतून काही आलेलं नव्हतं. आम्ही दोघं कितीतरी वेळ माझ्याच टाचेत रक्त शोधत बसलो. मग माझं लक्ष त्यांच्या पाटाखाली गेलं. तिथं थारोळं होतं.

त्यांच्या डाव्या पायात काचेचा लांब तुकडा घुसला होता, करंगळीच्या बाजूला. कधी घुसला ते त्यांना माहीत नव्हतं. दुखतंय का विचारलं तर म्हणाले, "नाय बा." त्याच दवाखान्यात नेलं. तपासलं तर साखर भरमसाट वाढलेली, आणि ती बऱ्याच वर्षांपासूनची असावी. बाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला बारीक काडी टेकवत नेली आणि लागतंय का विचारत गेल्या. आबा डोळे मिटून शांत बसून राहिले. बाईंनी काडी कधी टेकवली, कधी उचलली, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन बोटं काळी पडली, ती काढावी लागली. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "यांचा पाय वाचवायचा असेल तर एकच गोष्ट करा. घरात असोत की बाहेर, यांना चपलेशिवाय पाऊल टाकू देऊ नका. पुढची जखम बोटांवर थांबणार नाही."

दवाखान्याच्या गल्लीतच मऊ तळव्याच्या चपला शिवणारे एक म्हातारे कारागीर बसायचे. त्यांनी आबांना कागदावर उभं करून मापं घेतली. चपला झाल्यावर त्यांच्या पायाजवळ ठेवून म्हणाले, "चचा, एक बार डालके तो देखो. रुई के माफिक है." आबांनी चपला हातात घेतल्या, अंगठ्यानं तळवा दाबून बघितला, "लई झकास झाल्या" म्हणाले आणि पिशवीत घातल्या. रिक्षापर्यंत अनवाणीच चालत गेले.

घरी आल्यावर मी भांडले. इतकी, की शेजारीण डोकावून गेली. "तुमचा पाय गेला तर काय करायचं? मारुती येणार आहे का तुम्हाला उचलायला?" आबा म्हणाले, "मारुतीला कशाला मधी आणती? बोललो ते मी." मी म्हणाले, मारुती स्वतः जन्माचा अनवाणी, त्याला तुमच्या चपलेचं काय पडलंय? त्यावर ते हसले. हसले, म्हणजे ऐकणार नाहीत, हे मला माहीत होतं.

मी हट्टानं त्यांना गावी नेलं. पाराभोवती आता फरशी बसली आहे. गुरवाला सगळं सांगितलं. गुरव शहाणा माणूस. तो म्हणाला, "आबा, नवस मोकळा करता येतो. नारळ ठेवा, तेल वाहा, देवाला सांगा की आता अंगात बळ नाय. देव काय सावकार हाय?" मी तेल वाहिलं, नारळ ठेवला. आबा बराच वेळ हात जोडून उभे राहिले. परतताना बसमध्ये मी विचारलं, काय सांगितलंत देवाला? ते म्हणाले, "म्या चपला घातल्या अन् तुही टाच आनिक बिघडली, तर? येकदा झालंय तसं." मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या माणसाला मी काय समजावणार होते? माझ्या बऱ्या होण्यावर त्यांचा पाय टांगलेला होता, आणि मी बरी होणार नव्हते. रोज पट्टी करताना ते माझ्या जखमेकडं बघायचे आणि मी त्यांच्या तळव्यांकडं.

मध्यंतरी मी खोटं बोलायचा विचार केला. पण बोलणार कसं? टाच त्यांच्याच हातात होती. माझ्या जखमेबद्दल ज्याला मी फसवू शकले नसते असा जगात एकच माणूस, आणि नेमकं त्यालाच फसवायचं होतं.

त्या वर्षी पाऊस संपता संपता जखमेची कड वर यायला लागली. आधी गाठीसारखी, मग फुलकोबीसारखी. आबांना वाटलं, मांस भरतंय. ते खूश होते. "आतून येतंय बघ," म्हणाले. मला त्या कडेचा वास आवडला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बघितल्याबरोबर तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि पुढच्या भेटीत दार लावून घेतलं. वर्षानुवर्षं न भरलेल्या जुन्या जखमेत कधीकधी असं होतं, त्या म्हणाल्या. कर्करोग होता. पाय गुडघ्याखालून काढावा लागणार होता, आणि तो लवकर काढला तर मी वाचणार होते.

मला भीती वाटली. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी हललं. पाय जाणार म्हणजे जखम जाणार. जखमच राहिली नाही तर आबा कशाची वाट बघणार? त्यांना चपला घालाव्याच लागतील. बाईंच्या टेबलासमोर बसून मी हा हिशोब केला आणि मला हलकं वाटलं. माझा पाय जाऊन त्यांचे राहतील, तर सौदा वाईट नव्हता. इतक्या वर्षांत त्या टाचेचा कुणाला तरी उपयोग होणार होता.

आबांना मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पट्टी केली. मग डोक्याला रुमाल बांधून माझ्यासोबत दवाखान्यात आले, आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभं राहून स्वतःचा पाय जरा पुढं केला.

"माही टाच काढून तिला लावता येत नाय का? लई चाललेली हाय ही. पक्की हाय."

बाईंनी मान खाली घातली. पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "नाही हो, आबा. तसं करता येत नाही." आबा म्हणाले, "बरं." आणि बाकड्यावर जाऊन बसले. मला हुंदका आला तो तेव्हा. पाय जाणार हे कळलं तेव्हा आला नव्हता.

ऑपरेशन झालं. मी घरी आले. गेलेल्या पायाच्या टाचेला खाज सुटायची, हे नवीनच. इतकी वर्षं मुकी असलेली टाच नसताना बोलायला लागली. सकाळी अंघोळीनंतर आबा सवयीनं पाट घेऊन यायचे, खाटेजवळ मांडायचे आणि मग परत न्यायचे. करायला काही नव्हतं. टाके भरत आले होते, व्रण कोरडा होता. आम्हाला दोघांनाही जखम नसलेली सकाळ कशी काढायची ते ठाऊक नव्हतं.

टाके निघाल्यावर एका सकाळी मी वॉकर धरून कपाटापर्यंत गेले. त्या मऊ चपला काढल्या. आबा दाराजवळ दुधाची पिशवी आणायला निघाले होते. मी चपला त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि धाप लागली म्हणून खुर्चीवर बसले.

"आबा, जखम नाही आता. संपली. घाला."

त्यांनी चपलांकडं पाहिलं. मग माझ्याकडं, मग माझ्या दुमडून पिन लावलेल्या सलवारीकडं. मला वाटलं, आता खाली बसतील आणि घालतील.

"टाच भरली की घालीन, असं बोललो व्हतो म्या," ते म्हणाले. "गेली की घालीन, असं नव्हतो बोललो."

"आबा, मग आता?"

"आता कवा भरल ती, माय?"

ते टोमणा मारत नव्हते. खरंच विचारत होते. दवाखान्यात जाऊन आलेल्या माणसाला विचारावं तसं. मला त्यांचा संताप आला, आणि त्या संतापात त्यांना मिठी मारावीशी वाटली, आणि मला खुर्चीतून उठताही येईना. टाच असती तर आशेला तरी जागा होती.

त्यांनी वाकून चपला हातानं उचलल्या, धूळ नव्हती तरी झटकल्या आणि भिंतीशी नीट लावून ठेवल्या. मग बाहेर पडले. आमच्या गल्लीत रस्त्याचं काम चालू आहे, सगळीकडं खडी पसरली आहे. लोक कडेकडेनं, उड्या मारत जातात. आबा त्या खडीवरून सरळ चालत गेले, एकदाही न थबकता. त्यांना आता काहीच टोचत नाही.